कालुगाच्या गुरुजींचं घर

सगळ्यांचं आवरलं का? हातात निवडायची भाजी असली तरी चालेल, कान तेवढे इकडे असू द्या.

आज आपण एक संग्रहालय बघणार आहोत. संग्रहालय म्हटलं की आपल्याला राजांच्या तलवारी, जुनी नाणी, भंगलेल्या मूर्ती आठवतात. आजचं संग्रहालय मात्र एका शाळामास्तरांचं राहतं घर आहे. ते रशियात आहे. मॉस्को शहरापासून नैऋत्येला साधारण १८० किलोमीटरवर, ओका नदीच्या काठी, कालुगा नावाचं गाव आहे. आता ते मोठं शहर झालंय, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते आडबाजूचंच होतं. तिथे नदीच्या अगदी जवळ एक लाकडी घर उभं आहे. खाली राहायच्या खोल्या, वर चढायला उभा जिना, वर एक अभ्यासाची खोली आणि तिला लागून एक पडवी. पडवीत लेथ, हातोडे, कानशी, पत्र्याचे तुकडे. एखाद्या लोहाराच्या किंवा सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात असावा तसा सगळा पसारा.

आणि त्या पडवीला एक दार आहे, ते थेट छपरावर उघडतं. तिथून बाहेर पडलं की समोर फक्त आकाश. घरातली माणसं गमतीने त्याला म्हणायची, अंतराळात उघडणारं दार.

या घरात राहणाऱ्या मास्तरांचं नाव कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की. नाव जिभेला जरा जड आहे, म्हणून आपण त्यांना नुसतं गुरुजी म्हणू. माणूस पृथ्वी सोडून अंतराळात जाऊ शकतो, आणि तो रॉकेटनेच जाईल, याचं पक्कं गणित जगात पहिल्यांदा छापून आणलं ते या गुरुजींनी. साल होतं १९०३. तेव्हा विमानसुद्धा नीट उडत नव्हतं.

हे गुरुजी कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. त्यांची शाळाही अर्धवट सुटली होती. आणि त्यांना ऐकू येत नव्हतं. म्हणून आज आपण त्यांच्या रॉकेटाबरोबर त्यांचं घरही बघायचं.

पत्र्याची नरसाळी

या घरात पत्र्याचे कर्णे ठेवलेले आहेत, काही लहान, काही चांगले मोठे. आपण रॉकेल ओतायला नरसाळं वापरतो ना, तसे, एक तोंड रुंद आणि दुसरं निमुळतं. गुरुजींनी ते स्वतःच्या हातांनी कापून, जोडून तयार केले होते. कोणी भेटायला आलं की निमुळतं टोक कानाला लावायचं आणि रुंद तोंड समोरच्याकडे करायचं. विजेवर चालणारी श्रवणयंत्रं तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा हाच त्यांचा आधार.

गुरुजींचा जन्म १८५७ सालचा, रियाझान भागातल्या इझेव्हस्कोये नावाच्या खेड्यातला. वडील जंगल खात्यात नोकरीला. पोरगं हुशार, खेळकर, दिवसभर झाडावर नाहीतर बर्फात. नऊ-दहा वर्षांचं असताना हिवाळ्यात त्याला लाल पुरळाचा ताप आला. स्कार्लेट फीवर म्हणतात त्याला. आज त्यावर औषध आहे, तेव्हा नव्हतं. पोरगं वाचलं, पण कान गेले. पूर्ण गेले नाहीत, पण माणसांचं बोलणं कळेना इतके गेले.

पुढे काय झालं असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. आपण आपल्या गावातही बघतो. बरोबरची पोरं चिडवायला लागली. शाळेत मास्तर काय बोलतात ते कळेना. एका वर्गात त्याला दोन वर्षं बसावं लागलं. पुढे १८७३ साली शाळेतून नावच कमी झालं. त्यानंतर तो कुठल्याही शाळेत विद्यार्थी म्हणून बसला नाही.

पण त्याला अक्षर आलं होतं. ते आलं आईमुळे. मारिया इव्हानोव्हना तिचं नाव. ताप येण्याच्या आधीच तिने मुलांना मुळाक्षरं शिकवायला घेतली होती. एक अक्षर पाठ झालं की ती मुलाच्या हातावर एक कोपेक ठेवायची. शंभर कोपेकांचा एक रूबल, म्हणजे कोपेक हा आपल्या जुन्या पैशासारखाच. पुढे म्हातारपणी गुरुजींनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात हा कोपेक ते विसरले नाहीत. आणखी एक गोष्ट आईने दिली होती, हायड्रोजन वायू भरलेला एक छोटा फुगा. दोरा धरून घरभर फिरवायचा. हा हायड्रोजन वायू लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आई १८७० साली वारली. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचाही पुरता झाला नव्हता. पण तोवर तिने एक काम करून ठेवलं होतं. ज्याला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, त्याला पुस्तकाचं बोलणं कळायला लागलं होतं. पुस्तक वाचायला कान लागत नाहीत.

हाताने विणलेले मोजे

वडिलांनी ओळखलं, पोराच्या डोक्यात काहीतरी आहे. सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला मॉस्कोला पाठवलं. तिथे शाळेत नाव घातलं नाही. तो जायचा एका फुकट ग्रंथालयात. सकाळी ग्रंथालय उघडलं की आत आणि बंद झालं की बाहेर. असं तीन वर्षं चाललं. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, ताऱ्यांचं शास्त्र, सगळं तो एकट्याने वाचून शिकला.

घरून महिन्याला दहा-पंधरा रूबल यायचे. त्यातले खाण्यावर किती जायचे? महिन्याला नव्वद कोपेक. एक रूबलसुद्धा नाही. तीन दिवसांतून एकदा नऊ कोपेकांचा काळा पाव आणायचा आणि पाण्याबरोबर खायचा. बाकीचे पैसे पुस्तकांवर आणि प्रयोगाच्या सामानावर. त्याच्या घरच्यांना काळजी, मॉस्कोची थंडी, पोराच्या पायात काय असेल? त्यांनी बसून लोकरीचे पुष्कळ मोजे विणले आणि धाडून दिले. पोराने ते कवडीमोलाने विकले आणि त्या पैशांत जस्त, पारा आणि गंधकाचं आम्ल आणलं. मोज्यांवाचून भागेल असं त्याला वाटलं होतं. पुढे स्वतःच लिहून ठेवलं की तो हिशोब चुकला. रशियातला हिवाळा तो, पाय गोठवणारा.

हसू येतं ना? पण ते मोजे विणणाऱ्यांचाही विचार करा. ज्या पाऱ्याने आणि जस्ताने या मुलाने आपले पहिले प्रयोग केले, त्याची किंमत त्यांच्या विणकामाने भरली होती, आणि हे त्यांना कोणी विचारलंही नव्हतं.

घरी परतल्यावर तो शिकवण्या करू लागला. मग मास्तरकीची परीक्षा दिली, पास झाला, आणि १८८० पासून बोरोव्स्क नावाच्या गावात गणित शिकवू लागला. १८९२ साली कालुगाला बदली झाली. तिथे पुढे १८९९ पासून मुलींच्या शाळेत शिकवलं. कानाला कर्णा लावणारा मास्तर, आणि समोर पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुली. त्या काळी हे थोडंथोडकं नव्हतं.

सुट्या पाइपाची गोष्ट

आता गुरुजींच्या मुख्य कामाकडे येऊ. रॉकेट वर कशाच्या जोरावर जातं?

पुष्कळांना वाटतं, रॉकेट मागे धूर सोडतं, तो धूर जमिनीला किंवा हवेला रेटतो, म्हणून रॉकेट पुढे जातं. तसं असतं तर वर, जिथे हवाच नाही, तिथे रॉकेट बंद पडलं असतं. खरी गोष्ट वेगळी आहे. शेतात मोटार चालू केली आणि पाइपाचं तोंड कोणी धरलेलं नसलं, तर काय होतं? पाइप सापासारखा वळवळतो, मागे झेपावतो. पाणी जोराने पुढे निघालं, म्हणून पाइपाला मागे रेटा बसला. पाण्याने समोर कशाला धडक द्यायची गरज नाही. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडला की तो घरभर पळतो, तेही असंच. आतली हवा एकीकडे सुटते, फुगा दुसरीकडे जातो. रॉकेटात पेट घेतलेला वायू खाली सुटतो आणि रॉकेट वर जातं. म्हणून ते हवा नसलेल्या जागीही चालतं, उलट तिथे जास्तच चांगलं चालतं.

इथवर पुष्कळांना माहीत होतं. दिवाळीचा बाण तर कितीतरी जुना. गुरुजींनी पुढचा प्रश्न विचारला. किती इंधन बरोबर घेतलं, तर किती वेग येईल?

हा प्रश्न अवघड का, ते बघा. समजा तुम्ही वारीला निघालात, आणि वाटेत कुठेच दाणा मिळणार नाही. सगळ्या दिवसांच्या भाकरी पाठीवर घेऊन निघायचं. ओझं वाढलं की दम लागतो, दम लागला की भूक वाढते, भूक वाढली की आणखी भाकरी हव्यात, आणि भाकरी वाढल्या की परत ओझं. रॉकेटाचं तसंच आहे. त्याला वाटेत पंप नाही. लागणारं सगळं इंधन बरोबर, आणि ते इंधन उचलायलाही इंधन.

गुरुजींनी याचं सूत्र मांडलं. त्याला आज जगभर त्सिओल्कोव्हस्कीचं सूत्र म्हणतात. आकडे सोपे करून सांगते. जळालेला वायू सेकंदाला चार किलोमीटर वेगाने मागे सुटतो असं धरू. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेग हवा. मग सूत्र सांगतं, टाकी, यंत्र, माणूस, सामान असं सगळं मिळून जेवढं वजन वर पोचवायचं, त्यातल्या एका किलोमागे जवळजवळ साडेसहा किलो इंधन लागेल. आणि बारा किलोमीटरचा वेग हवा असेल तर? वेग दीडपट झाला, पण इंधन लागेल एका किलोमागे एकोणीस किलो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि हवेचा अडथळा, पृथ्वीची ओढ हे अजून आपण धरलेलंच नाही. म्हणून तर टीव्हीवर दिसणारं रॉकेट एवढं अवाढव्य असतं आणि त्याच्या टोकावरचा उपग्रह एवढासा. त्या उंच नळकांड्यात बहुतेक सगळी शिदोरीच असते.

यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, वायू जितक्या जास्त वेगाने सुटेल तितकं बरं. बाणातल्या दारूत एवढा जोर नाही. म्हणून गुरुजींनी १९०३ च्या लेखात सुचवलं, द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन एकत्र जाळा. आईने दिलेल्या फुग्यातला तोच हायड्रोजन, पण थंड करून पाण्यासारखा पातळ केलेला. त्यासाठी तो शून्याखाली २५३ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागतो. हे त्या काळी कागदावरचंच होतं. आज आपल्या देशाच्या एलव्हीएम-३ या मोठ्या रॉकेटाच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात हीच जोडी जळते. जुलै २०२३ मध्ये याच रॉकेटाने चांद्रयान-३ वर नेलं आणि २३ ऑगस्टला ते चंद्रावर उतरलं. तो दिवस तुम्हा सगळ्यांना आठवत असेल.

दुसरी गोष्ट त्यांनी १९२९ साली मांडली, रॉकेटांची आगगाडी. डोक्यावर तीन हंडे घेऊन लांबच्या वाटेला निघालात आणि वाटेत एक पिऊन संपला, तर तो रिकामा हंडा पुढे कशाला वाहायचा? ठेवून द्यायचा. रॉकेटातही इंधन संपलेला भाग गळून पडू द्यायचा आणि पुढच्याने पेट घ्यायचा. आपण ज्याला पहिला टप्पा, दुसरा टप्पा म्हणतो, ते हेच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गुरुजींनी स्वतः अंतराळात जाणारं रॉकेट कधी बनवलं नाही. त्यांच्यापाशी तेवढा पैसा नव्हता, कारखाना नव्हता. द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं ते अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी, १६ मार्च १९२६ रोजी, नात्यातल्या एका बाईंच्या शेतावर. ते अडीच सेकंद उडालं, साधारण बारा मीटर वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं. सुरुवात अशीच असते. गुरुजींनी दाखवलं ते हे, की हे होऊ शकतं, आणि कोणत्या वाटेने होऊ शकतं.

मिठाच्या पाण्यातलं अंडं

गुरुजींची प्रयोगशाळा म्हणजे घरच. वारा वस्तूला कसा अडवतो हे बघायला त्यांनी १८९७ साली घरातच पंख्याने वारा सोडणारं यंत्र उभं केलं. त्याच्या तोंडाशी वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू धरून ते मोजमाप करायचे. त्यांचे प्रयोग बघून देशाच्या विज्ञान अकादमीने ४७० रूबल दिले.

दुसरा एक प्रश्न त्यांना पडला होता. रॉकेट झपाट्याने वेग घेईल तेव्हा आतल्या माणसाचं काय होईल? एसटी एकदम सुटली तर आपण मागे रेलतो, त्याच्या कितीतरी पट जोराचा तो रेटा. तरुणपणी त्यांनी गरगर फिरणाऱ्या यंत्रात झुरळ आणि कोंबडीचं पिल्लू ठेवून बघितलं होतं. पिल्लाचं वजन दहापट झाल्यासारखा दाब आला तरी पिल्लू ठणठणीत राहिलं.

पण त्यांचा मला आवडलेला प्रयोग अंड्याचा आहे, आणि तो तुम्हाला घरी करता येईल. स्टीलचा पेला घ्या, त्यात पाणी घ्या. ताजं अंडं सोडा, ते तळाला जाईल. ताजं अंडं बुडतं आणि शिळं तरंगतं, हे आपल्याला बाजारात शिकवावं लागत नाही. आता पाण्यात मीठ घालत जा, हलक्या हाताने ढवळत जा. एक वेळ अशी येईल की अंडं तळही सोडेल आणि वरही येणार नाही, मधेच तरंगत राहील. आता पेला उचला आणि टेबलावर दणकन ठेवा. अंडं सहसा फुटत नाही. तेच अंडं कोरड्या पेल्यात घालून तसंच आपटलं, तर काय होईल ते सांगायला नको.

असं का होतं? पाणी अंड्याला सगळीकडून सारखं धरतं. कुठे एकाच ठिकाणी मार बसत नाही. गुरुजींनी हे १८९० च्या सुमारास लिहून ठेवलं आणि म्हटलं, निसर्ग हेच करतो. नाजूक मेंदू त्याने पाण्यात ठेवला आहे. पोटातलं बाळही पाण्यातच असतं. आई पायऱ्या चढते, उतरते, धक्के बसतात, पण बाळ त्या पाण्यात सांभाळलेलं असतं. तसं अंतराळात जाणाऱ्या माणसालाही सुरुवातीच्या रेट्याच्या वेळी पाण्यात झोपवता येईल, अशी त्यांची कल्पना होती. पुढे अंतराळवीरांसाठी वेगळी सोय निघाली, त्यांना पाठीवर आडवं बसवतात. पण विचार कुठून सुरू झाला बघा. मिठाचं पाणी आणि अंडं, म्हणजे आपल्या चुलीपाशीच.

खालच्या खोल्या

आतापर्यंत आपण वरच्या खोलीत आणि पडवीत होतो. आता जिना उतरून खाली येऊ. कारण घर फक्त वरच्या मजल्यावर चालत नाही.

खाली राहत होत्या वार्वारा. गुरुजींची बायको. लग्न १८८० साली झालं, हुंडा घेतला नाही. ही चांगली गोष्ट. पण लग्नाच्याच दिवशी नवरदेव शेजारच्यांकडून लेथ विकत घेऊन आले आणि प्रयोगाच्या तयारीला लागले. हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. सात मुलं झाली. पगार मास्तरचा. त्यातून पुस्तकं, पत्रा, अवजारं. कोणी छापायला तयार नसेल तेव्हा पदरचे पैसे घालून पुस्तिका छापायच्या. उरेल त्यात सात मुलांचं खाणंपिणं, कपडे आणि रशियाच्या हिवाळ्यातलं जळण. हे सगळं बसवायचं वार्वारानी.

थोरला मुलगा इग्नाती मॉस्कोला शिकायला गेला होता. १९०२ साली त्याने तिथे जीव दिला. पुढच्याच वर्षी गुरुजींचा तो प्रसिद्ध लेख छापून आला. १९०४ साली त्यांनी हे घर घेतलं, तर १९०८ साली ओका नदीला पूर आला, घरात पाणी शिरलं, कागद भिजले. वरची खोली आणि पडवी बांधली ती या पुरानंतर. सात मुलांपैकी पाच आईवडिलांच्या डोळ्यांदेखत गेली. मागे राहिल्या दोन मुली, ल्युबोव आणि मारिया. ल्युबोवने वडिलांच्या लेखनकामात पुष्कळ मदत केली.

म्हातारपणी गुरुजींनी कबूल केलं की आपण मोठ्या कामाला पुढे ठेवलं आणि घरच्या माणसांचं सुख सगळ्यात मागे. हे लिहायला हिंमत लागते. पण ते लिहिल्याने वार्वाराच्या आयुष्याची ती वर्षं परत आली नाहीत, हेही खरं. मैत्रिणींनो, आपण बचतगटाच्या वहीत पै-पैचा हिशोब मांडतो. या घराचा हिशोब मांडला, तर अंतराळाच्या पहिल्या गणिताचा बराचसा खर्च खालच्या मजल्याने उचललेला दिसेल. त्या सूत्राला गुरुजींचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. पण हे घर संग्रहालय म्हणून जपलं गेलं, म्हणून निदान खालचा मजलाही लोकांना दिसतो.

शेतात नव्हे, टेकडीवर उभं रॉकेट

गुरुजींना मान मिळाला तो उतारवयात. १९२१ साली सरकारने त्यांना जन्मभराचं पेन्शन दिलं. शेवटी राहायला नवं घरही दिलं. १९ सप्टेंबर १९३५ रोजी ते वारले. बरोबर एका वर्षाने, १९ सप्टेंबर १९३६ रोजी, त्यांचं जुनं घर लोकांसाठी खुलं झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या शेवटी, कालुगा काही आठवडे जर्मन फौजांच्या ताब्यात होतं. घराची मोडतोड झाली. नंतर ते परत नीट केलं. पुढे गुरुजींच्या नातवानेही या घराची देखभाल केली.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात जाऊन आले. पृथ्वीभोवती एक फेरी, १०८ मिनिटं. दोनच महिन्यांनी, १३ जूनला, ते कालुगाला आले आणि त्यांनी मोठ्या अंतराळ संग्रहालयाचा पहिला दगड बसवला. ते संग्रहालय १९६७ साली उघडलं. आता त्याच्या बाहेर एक खरं व्होस्तोक रॉकेट उभं आहे, ३८ मीटर उंच. म्हणजे साधारण बारा मजली इमारतीएवढं. हे रॉकेट राखीव म्हणून बनवलं होतं. अशाच रॉकेटातून गागारिन गेले.

आणि अशाच रॉकेटातून १६ जून १९६३ रोजी पहिली बाई अंतराळात गेली, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा. वय २६. वडील लढाईत गेलेले, आईने कापडगिरणीत काम करून मुलं वाढवली. व्हॅलेंतिनाही गिरणीतच कामाला होती आणि रिकाम्या वेळात पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारायला शिकली होती. ती जवळजवळ तीन दिवस एकटी वर होती, पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून आली.

मोठं संग्रहालय आणि लाकडी घर, दोन्ही एकाच गावात आहेत. तिथे येणाऱ्याला आधी बारा मजली रॉकेट दिसतं आणि मग थोडं चालून गेलं की पत्र्याचे कर्णे.

आपल्या वाडीतलं मूल

आता आपल्याकडे येऊ. गुरुजींच्या कानाची गोष्ट ऐकताना तुम्हाला कोणी आठवलं का? हाक मारली तर वळून न बघणारं बाळ. दोन वर्षांचं झालं तरी शब्द न बोलणारं. कान सतत वाहणारी पोर. टीव्ही मोठ्याने लावणारा, सारखं "काय, काय" विचारणारा मुलगा, ज्याला शाळेत ढ ठरवून मागच्या बाकावर बसवलंय. तो ढ नसेल. त्याला ऐकूच येत नसेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात कानाचीही होते, आणि ती फुकट असते. पथक कधी येणार ते अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा. तोवर थांबायला नको असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कानात तेल, लसणाचा रस असलं काही घालत बसू नका. लहान बाळाच्या बाबतीत तर एक महिनाही घालवू नका, कारण बोलणं ऐकण्यातूनच येतं. आज पत्र्याचं नरसाळं लावायची वेळ नाही, श्रवणयंत्र मिळतं, त्यासाठी सरकारी योजनाही आहेत.

आणि सगळ्यात आधी, त्या मुलाला हाक नावाने मारा. गावात आपण सहज "ए बहिऱ्या" म्हणून जातो. ते त्याला ऐकू आलं नाही तरी आपल्या तोंडावर दिसतं.

येत्या बैठकीत दोन कामं करा. एक, गटातल्या सगळ्याजणी मिळून आपल्या वाडीत असं मूल कुणाच्या घरी आहे का, याची आठवण करा. आणि कुणाच्या आईला दवाखान्यात एकटीने जायला धीर होत नसेल, तर गटातली एक जण बरोबर जा. दुसरं, अंड्याचा तो प्रयोग करून बघा. मुलांना जवळ बसवा, मीठ त्यांनाच घालू द्या. मीठ किती चमचे लागलं, पेला किती वेळा आपटला, अंडं फुटलं की राहिलं, हे लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात आपण ते सगळ्यांना वाचून दाखवू.

तोवर सगळ्यांना नमस्कार.